चिकाचा थेंब

ओडेटच्या सडावर चिकाचा थेंब
मेणासारखा गोठलाय.
म्हणजे आज. फार तर उद्या.
खोडेलीव्ह पालथ्या बादलीवर बसून आहे,
तिसरी रात्र.

घोडी माणसाच्या डोळ्यांदेखत वीत नाही,
सासरा म्हणायचा, आखील.
लाज नाही म्हणायचा, हट्ट.

नऊशे किलोचं धूड,
खूर जेवणाच्या ताटाएवढे,
आणि जन्मात ओढलंय काय,
तर जत्रेतली फुलं लावलेली गाडी.
तीही रिकामी.
ब्राबांटच्या चिखलाला आता ट्रॅक्टर पुरतात.

नांगर ठाऊक असलेली एकटी फानी,
शेवटच्या कप्प्यात.
दोन वर्षं गाभ धरला नाही तिनं.
खाटकाचा फोन येऊन गेलाय,
भाव बरा होता.

मंगळवारी खोडेलीव्हनं
भिंतीवरची जुनी साखळी उतरवली,
भंगारात द्यायला.
त्या खणखणाटासरशी
फानीनं मान खाली घातली,
मागचे पाय रोवले,
छाती पुढे रेटली,
आणि तशीच थांबली.
समोर फक्त गव्हाण.
मागे काहीच नाही.

साखळी पुन्हा खुंटीवर गेली.
खाटकाला काय सांगायचं
ते अजून ठरलेलं नाही.

थर्मास रिकामा झाला.
ती उठली, घरात गेली,
दूध उकळेपर्यंतच काय ती.
परत आली तर पेंढ्यात काहीतरी वाफाळतंय,
ओलं, नुसते पायच पाय,
त्यातला कुठला आधी उचलावा
कळत नाहीय त्याला.

ओडेट चाटतेय.
शेवटच्या कप्प्यातून फानी बघतेय,
कान पुढे करून.