ता

प्रभादेवीत, पिठाच्या गिरणीच्या वर,
पांढुरका झालेला जिना चढून
मी चिनी सिनेमाला मराठी ओळी लावते.
एका ओळीत चौतीस अक्षरं, त्याहून एकही जास्त नाही.
कारखानीस म्हणतात, प्रेक्षकाला वाचून झाल्यावर
चेहराही बघायचा असतो.

या सिनेमात चेहरे कमीच.
दिग्दर्शिका, म्हणजे कारखानीसांच्या पत्रकातली
ठळक ठशातली "महिला दिग्दर्शक",
कॅमेरा दाराबाहेर उभा करते.
आत बाई कपडे बदलते आहे.
आपल्याला दिसतं दार, कडी, फटीखालची उजेडाची पट्टी.
एक मिनिट बारा सेकंद.
मला तिथं लिहायला काही नव्हतं,
तेवढ्यात चहा पिऊन घेतला
आणि मग उगाच ओशाळले.

पुढे तीच बाई, बटणांच्या कारखान्यातली,
पाळी संपल्यावर शेजारणीला सांगते
पहाटे निघून गेलेल्या कुणाबद्दल.
ता, म्हणते ती. ता.
बोलताना तो म्हणजेही ता, ती म्हणजेही ता.
लिहिताना अक्षरं वेगळी असतात,
पण दिग्दर्शिकेनं संहितेतही नुसता उच्चार ठेवलाय.
इंग्रजी करणाऱ्यानं सरळ 'तो' करून टाकलं.
पडद्यावर फक्त बुटांचा जोड,
एका नाडीला गाठ. मापावरून काही कळत नाही.

मराठीत मला पळवाट नाही.
गेला की गेली?
क्रियापदच उंबऱ्यावर अडवून विचारतं.

मी जन्मले तेव्हा, आई सांगते,
बाकावरून आजोबांनी विचारलं, काय झालं?
मालवणची नर्स होती, रात्रभर जागलेली.
म्हणाली, लेकरू झालंय, रडतंय चांगलं, चहा आणा.
आजोबा पुन्हा:
हो, पण झालं काय?

नऊला खालचं दळण थांबलं.
मी 'तो' खोडला.
'ती' लिहून पाहिली, तीही खोडली,
ती खोडताना जरा जास्त वेळ लागला.
मग लिहिलं:
लेकरू पहाटे गेलं. जेवलं नाही.
मोजलं. तेरा अक्षरं. एकवीस शिल्लक.

सकाळी कारखानीसांचा फोन.
"ओळ छान आहे हो, अगदी आईची आहे.
पण आहे कोण? मुलगा ना?"

मी घड्याळाकडे बघत
एक मिनिट बारा सेकंद
काहीच बोलले नाही.