कंट्रोल पॅनलच्या दाराआतला कागद

उद्यमनगरात, दुपारी, आदगोंडा शिंग्यांनी
डिस्क माझ्या टेबलावर ठेवली,
लेथवरनं नुकत्याच उतरलेल्या जॉबसारखी,
दोन्ही हातांनी.

"पोरानं नवीन लिनक्स घातलं, दुसऱ्याच डिस्कवर.
अठरा वर्षांची पॅटर्नं हायती हो आत.
पंपाची, चरकाची,
बंद पडलेल्या गिरणीच्या पुलीचीबी."

श्रेणिक दारातच उभा.
"मी फक्त डब्ल्यू दाबला."

पडदा म्हणाला, इथं एकही पार्टिशन नाही.
खोटं नव्हतं ते.
मोजणीचे दगड उपटलेल्या रानात
तलाठी उभा राहिला, तर तोही हेच म्हणेल.
रान मात्र तिथंच असतं.

लगेच दुरुस्त करा म्हणाले. मी नाही म्हणालो.
रंकाळ्याजवळच्या एका स्टुडिओची सोळा लग्नं
मी अशाच घाईत बुडवलीत.
त्या नवऱ्या अजून बाजारात भेटतात, हसतात,
त्यांना ठाऊक नाही.

आधी नक्कल. सेक्टरमागून सेक्टर,
रात्री पावणेबारापर्यंत.
शेजारी भट्टी ओतत होते, जळक्या वाळूचा वास
पंख्यातनं खाली येत होता.

तेवढ्यात शिंगे उठले.
"मुश्ताकनं पॅनलच्या दाराला काय तरी चिकटवलं हुतं."
गाडीवरनं गेले, कागद घेऊन आले.
पिवळा. मुश्ताकचे बारीक इंग्रजी आकडे,
कुठून सुरू, किती लांब,
आणि त्यांच्यावर बॉलपेननं कारखान्याचा हिशेब:
सहा कटिंग, दोन मिसळ, जादा पाव.

दुसऱ्या पार्टिशनचा आकडा चहाच्या डागाखाली.
सहा, मग एक की सात, मग एक एक शून्य नऊ एक दोन.
"दोन हजार अठ्ठेचाळीसनं भाग जातो का बघ,"
मी श्रेणिकला म्हणालो.
त्यानं कागदावरच भागाकार मांडला,
शाळेतल्यासारखा, जीभ दातात धरून.
एकानं बाकी उरली.
सातानं सुटला.

नकलेवर तक्ता लिहिला. माउंट.
पंप. चरक. पुली.
कुणी काही बोललं नाही.
शिंग्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

मुश्ताक आता इचलकरंजीत लूम दुरुस्त करतो म्हणे.
सकाळी फोन करा त्याला, मी म्हणालो,
बिलाचं नंतर बघू.

श्रेणिकनं नवा तक्ता छापला, तारीख घातली,
एक पेन ड्राइव्हवर, एक दारासाठी.
मी सही केली.
आणि आदगोंडांनी, सवयीनं, कोपऱ्यात लिहिलं:
तीन कटिंग.