तीन नंबर

टेबलावर दोन फायली. पंखा जोरात,
म्हणून वर वजन ठेवलंय: जुन्या इम्पेलरचा तुकडा,
मधमाश्यांनी सोडलेल्या पोळ्यासारखा.

पहिली फाईल अमळनेरकडची.
दोन पंप, सरळ नाला, सपाट तळ,
भिंतीपासूनचं अंतर पुस्तकात आहे तेवढंच.
हिला प्रतिकृती नको. सही केली.
प्रत्येक हौद प्रयोगशाळेत नेला
तर केळी उभी वाळतील.

दुसरी चोपड्याखालची, तापीवरची.
सहा पंप, एकेक ओढणार
सेकंदाला तीन हजार लिटर,
आणि कालवा पंपघराशी येता येता
डावीकडे मोडतो. तिथं मसणवट आहे,
ती हलवता येत नाही, हलवूही नये.
नूतन बऱ्हाटेनं त्या वळणावर पेन्सिलीनं
नुसतं एक प्रश्नचिन्ह काढलंय.
तिला लागून आठ महिने झाले.

साहेब म्हणतात, चार महिने, वर चौदा लाख,
टेंडर पंधरवड्यावर. मागचं स्टेशन
असंच बांधलं होतं ना?

असंच बांधलं होतं.
सही माझीच होती.

तिथं हिलाल सपकाळे स्क्रू ड्रायव्हरचं टोक केसिंगला
आणि मूठ कानाला लावून उभा राहायचा.
"तीन नंबर गोटा चावी ऱ्हायना, साहेब."
वाळू असेल, म्हणालो. जाळी काढली.
वाळू नव्हती.
मे महिन्यात हौदातली पातळी उतरली
तेव्हा पाण्याला अंगठ्याएवढं भोक पडलं, फिरतं,
शेपूट खाली पार पंपाच्या तोंडात.
हिलालनं केळीच्या वाळल्या पानाची चिंधी टाकली.
दोन गिरक्या. उभी राहिली. गेली.
"पानी वाकडं यी ऱ्हायनं.
नदीले इचारेल व्हतं का?"
मी हसलो होतो.
दीड वर्षात तीन इम्पेलर.

आता टिपणी लिहितो:
सदर पंपगृहाच्या आवक मार्गातील वळण विचारात घेता
(खोडलं)
प्रवाहाची संभाव्य असमानता लक्षात घेता
(हेही)
शेवटी लिहिलं, पाणी वाकडं येईल असं वाटतं,
बांधण्याआधी करून पाहावं.
साहेब भाषा सुधारतील.

काचेच्या भिंती, दहापट लहान कालवा,
बारीक नळीतून सोडलेला जांभळा रंग.
सरळ गेला तर मी चौदा लाखांचा मूर्ख.
होईन.

संध्याकाळी हिलालला फोन लावला.
पंपघरात बत्तीस वर्षं, त्याचे कान गेलेत,
ओरडून बोलावं लागतं.
"बघायला येतो का? काचेतून दिसेल!"
"काय?"
"पाणी!"
"पानी? कितलं?"
तीन हजार लिटरचे तिथं साडेनऊ होतात.
बादलीभर, म्हणालो. पंपामागे, सेकंदाला.
पलीकडे तो हसला असावा,
किंवा खोकला.