वेळ वाढवून

देवगड बंदरावर पहाटे
फळीवरून घसरत येते बर्फाची लादी
आणि नववी ब मधला विघ्नेश कोयंडे ती झेलतो,
हात पुढे रोवून नव्हे,
हात मागे नेत नेत,
लादीसोबत दोन पावलं उलटी चालत,
पाहुणीला दारातून आत घ्यावं तसं.

"ताठ हातान घेव नको," तातू कुबल ओरडतो,
"मनगट जायत! येता तशी येवंदे,
तू तिच्या वांगडा जा."

मी घाटावरून आलेला विज्ञानाचा मास्तर.
अकरा वाजता फळ्यावर लिहितो ते हेच :
संवेगातला बदल म्हणजे बल गुणिले वेळ.
बदल ठरलेलाच. वेळ वाढवा, बल उतरतं.
मागच्या बाकावर तो पेंगतो,
तळव्यांना डिझेलचा वास.

नारळी पौर्णिमेनंतर अकराव्या दिवशी
बाबल कोयंडेचा ट्रॉलर परतला नाही.
बंदरानं ती बातमी सुगंधापर्यंत
माझ्या धड्याबरहुकूम पोचवली.
सोमवारी : इंजिन बंद पडलंय, ओढून आणतील.
मंगळवारी : वायरलेस लागत नाही, वारा फार.
बुधवारी विजयदुर्गच्या होडीला मिळाला
एक निळा क्रेट, त्यावर रंगानं लिहिलेलं नाव.
आलेखाखालचं क्षेत्रफळ तेवढंच,
फक्त उंची कमी केलेली.
किती शहाणं गाव, मला वाटलं.

गुरुवारी ती स्वतःच जेटीवर आली.
बांधलेल्या जुन्या टायरांवर
बोटी आदळत होत्या, मऊ.
"सोमवारपासून ताठ उभी आसंय मी," म्हणाली,
"तुमी कोणाचे हात वाचवतास?"

तातूनं टोपी काढली.
परत घातली.

सहामाहीत प्रश्न होता :
संवेग अक्षय्यतेचं एक उदाहरण लिहा.
पुस्तकात बंदूक आणि गोळी आहे.
एकेचाळीस जणांनी बंदूकच लिहिली.
विघ्नेशनं लिहिलं :

"मी बाबांना होडीतून ट्रॉलरपर्यंत सोडलं.
त्यांनी उडी मारली. ते तिकडे गेले
म्हणून होडी इकडे आली, किनाऱ्याकडे.
होडी जड, त्यात मी पण, म्हणून हळू आली.
मी वल्हं मारलं नव्हतं."

आणि खाली, गुणांसाठी सोडलेल्या जागेत,
बारीक अक्षरात, मलाच :
सर, तो धक्का मग गेला कुठे?

उत्तर मला येतं.
पाण्यानं घेतला. थोडा लाटांनी, थोडा वाळूनं.
हिशेब जुळतो.

दोनपैकी दोन दिले.
लाल पेन उघडंच राहिलं, निब वाळली.
खिडकीतून खाडी दिसते.
भरती लागली होती आणि ती होडी
रिकामी, खुंटाला बांधलेली,
कोणी वल्हं न मारता
किनाऱ्याकडे हातभर सरकत होती,
दोर सैल पडेपर्यंत.