कसं लागतं

मॅरिविक सेबूला कायमची परत गेली
तेव्हा हा ओव्हन मला देऊन गेली,
दहा दिनारांत, ट्रेसकट.
दाराच्या कडेला अजून तिचा स्टिकर, जांभळा ससा,
एक कान वितळलेला.
"एकच ट्रे," ती म्हणाली होती,
"सगळं त्यातच. आणि सारखं उघडून बघायचं नाही."

स्वयंपाकघर दोघींचं,
म्हणून ओव्हन बाल्कनीत, वॉशिंग मशीनवर.
हमीदा परकारने कधी सांगितलं नाही. मीच ठेवला.
ट्रे माझ्या पलंगाखाली, उशीच्या जुन्या अभ्र्यात.
सुरी वेगळी, फळी वेगळी,
घासणी माझी हिरवी, तिची पिवळी.
तीन वर्षांत एकदाही अदलाबदल नाही.

आज अकरा रात्रपाळ्यांनंतरची पहिली सुट्टी.
गुदैबियाहून बस, मग सुपरमार्केटच्या पार मागे,
दुधाच्या कपाटांपलीकडची ती खोली.
दारावर पाटी. आत चोरून सिनेमाला आल्यासारखे सगळे:
एक म्हातारा इंग्रज, दोघे गोंयकार, मी.
खांद्याचा तुकडा, सव्वा किलो, वर बोटभर चरबी.
गल्ल्यावरच्या मुलीने हातमोजा चढवला,
काळ्या पिशवीत काळी पिशवी घातली.
मी नर्स आहे.
हातमोज्याचं मला वाईट वाटत नाही.

चरबीवर सुरीने चौकड्या पाडल्या.
मीठ, लसूण, जाडसर मिरी, व्हिनेगरचा हात,
आणि मॅरिविकने सांगितला नव्हता तो
अर्धा चमचा मसाला,
आईने गिरीजला कांडून बिअरच्या बाटलीत
काठीने ठासून भरलेला.
कांद्याच्या चार चार फोडी, गाजरं आडवी.
बटाटे सोलायला घेतले
तर पातेल्यात पाण्याखाली आधीच सोललेले होते.
आठ. एकूण एक डोळा काढलेला.
इतके सुबक मी सोलत नाही.

बाहेर बेचाळीस, आत दोनशे वीस.
अर्ध्या तासाने आच उतरवली.
मांसाला चरचर सुटली तेवढ्यात
कोपऱ्यावरच्या मशिदीत अझान सुरू झाली
आणि मी बाल्कनीचं काचेचं दार ओढून घेतलं.
का, ते नीट सांगता यायचं नाही.
संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली की
पापा विडी पाठीमागे धरायचे,
तसंच काहीतरी.

दोनदा उघडून बघितलंच.
दुसऱ्या वेळी चष्म्यावर वाफ
आणि वाफेच्या आड सोनेरी, फुगलेलं, तडकलेलं काहीतरी.

ट्रेमधूनच खाल्लं, उभ्याने,
पहिला तुकडा बोट भाजून.
मग ताट घेतलं. माणसासारखी बसले.
गाजरांच्या कडा काळ्या, हव्या तशा.
खालचा सगळा रस बटाटे पिऊन बसलेले.

उरलेलं डब्यात, डबा दोन पिशव्यांत.
ट्रे बाल्कनीतल्या नळावर तीनदा घासला.
खिडक्या सताड उघडल्या,
पंखा लावला, लिंबाची साल उकळली,
तरी वास सोफ्यावर ऐसपैस बसलेला, पाहुण्यासारखा.

नऊला हमीदा आली.
बूट काढले, पाय चोळले.
भाकरीवर वाटीतला सुकटाचा गोळा घेतला.
आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच विचारलं,
"कसं लागतं गं ते?"

मी म्हटलं, हलव्याच्या तळलेल्या तुकडीची कड असते ना, कुरकुरीत,
तिच्याखाली... नाही, तसं नाही.
"नळीतल्या मगजासारखं?"
जवळपास. पण गोडसर.
"हं."
ती बराच वेळ चावत राहिली,
जसं काही दोन चवी तोंडात शेजारी ठेवून बघतेय.
"आणि बटाटे?"
बटाट्यांनीच सगळं खाल्लं, मी म्हटलं.
ती हसली. सुकट तिच्या घशात अडकलं,
पाणी दिलं.

मग उठली,
दाबोळच्या तिच्या त्या कोरड्या आवाजात म्हणाली,
"खिडक्या लाव आता सगळ्या.
एसी वाया चाललाय."