कुवारबाव, दुसरा मजला

पाच तारखेला हप्ता. अकरा हजार दोनशे सत्तर.
भाडं साडेसात.
वरचे माझ्या पगारातून जातात,
डेपोत कंडक्टरांचा भरणा मोजून मिळणाऱ्या पगारातून.
बँकेतल्या साहेबांनी विचारलं होतं,
मॅडम, स्वतः राहणार का त्या फ्लॅटमध्ये?
म्हटलं, नाही. तो राहील माझ्यात, वीस वर्षं.
साहेब हसले नाहीत. शिक्का मारला.

पहिले भाडेकरू वारंग, पाटबंधारेवाले.
अकरा महिने म्हणजे अकरा महिने,
करारावरच्या सहीसारखे सरळ.
जाताना भिंतीत नऊ खिळे ठेवून गेले.
मी एकेक उपटला, भोकांत पांढरं सिमेंट दाबलं
आणि अनामत पूर्ण परत केली.
धाकटी बहीण म्हणाली, असा धंदा होत नाही हो ताई.

खारा वारा मात्र करार न करता राहतो.
ग्रिल खातो, बिजागऱ्या खातो,
बाहेरच्या दिव्याचं होल्डर दोनदा खाल्लं त्याने.
दर दिवाळीला लाल रंगाचा डबा घेऊन
मी त्याच्या खरकट्यावरून ब्रश फिरवते.
गिझरची कॉइल बाराशे.
घरपट्टी. मेंटेनन्स.
गच्चीवर पत्रे घालायला प्रत्येकी सतरा हजार,
माझ्या डोक्यावर गच्ची नाही, अजून एक मजला आहे,
तरीही सतरा हजार.

मग सोलकर आले. इम्तियाज, ट्रॉलरवर तांडेल.
बायको नसरीन, मुलगी तिसरीत,
शाळा इकडे जवळ पडते म्हणून.
सेक्रेटरी जिन्यात अडवून म्हणाले,
विचार करा मॅडम, मासळीचा वास येईल.
म्हटलं, रत्नागिरीत?
ते आणखी काहीतरी म्हणणार होते.
ते काय, ते मला ठाऊक होतं, त्यांनाही.
दुसऱ्या दिवशी मी पोलीस ठाण्यात
दोन फोटो आणि फॉर्म देऊन आले.

ऑगस्ट ते मे, चार तारखेलाच भाडं,
नोटांना बर्फाची ओल.
एकेक नोट मी पंख्याखाली ठेवायची.

जूनमध्ये समुद्र बंद.
बँक बंद नसते.
सोलकर दाराबाहेर उभे राहिले, आत या म्हटलं तरी बाहेरच:
बाई, दोन महिने अर्धं घ्या,
नारळी पुनवेनंतर राहिलेलं फेडतो.

आमचा आजा कूळ होता.
पीक बुडालं की खोताच्या अंगणात
हेच वाक्य म्हणायचा, फक्त भाताच्या मापात.
आजाचं वाक्य घरात सगळ्यांना पाठ.
खोत त्यावर काय म्हणायचा
ते कधी कुणी सांगितलं नाही.
आणि आता अंगणात सोलकर,
उंबऱ्याच्या आत मी,
तोंडात त्या खोताचं न ऐकलेलं वाक्य.

अर्धं घेतलं.
आरडी मोडून दोन हप्ते भरले, त्यांना कळू दिलं नाही.
नव्या करारात तीनशे वाढवले.
ही तिन्ही कामं मीच केली, एकाच पेनाने.

काल बँकेतून उतारा आणला.
सहा वर्षांत मुद्दल दोन लाखही हललेलं नाही,
जेटीच्या दगडासारखं बसून आहे.
दुसरी चावी माझ्या कपाटात आहे,
तिने ते दार मी उघडू शकते आणि उघडू शकत नाही.

संध्याकाळी ड्युटी सुटली की रिक्षा त्याच रस्त्याने जाते.
दुसऱ्या मजल्यावर ट्यूब लागलेली,
गॅलरीत वाळत घातलेला शाळेचा फ्रॉक,
आत ती पोरगी पाढे म्हणत असणार,
माझ्या भिंतीला टेकून, किंवा बँकेच्या.
मी मान वर करून बघते.
बरं वाटतं.
विजेचं बिल तरी ते भरतात.