किराळ

कापलेल्या जवारीच्या बुडख्यांना
पुन्हा फुटवे आले, वीतभर,
अवकाळी एका शिपक्यावर.
झिबल गायकी धुऱ्यावर काठी आडवी धरून :
तिकडं नाई, मोरे, तिकडं नाई.

मोरी ऐकते थोडीच.
दहा घास. मग पाय लटलटले,
तोंडाला फेस.
डॉक्टर कारंज्याहून निघालेच होते.

सुईच्या टोचेतून आलं रक्त
कुंकवाहून लाल.

वाळलं असतं
तर हेच पान
चैतापर्यंत पोसतं तिला.

रात्री बायको म्हणाली,
इळ्यानं कापलं, उन्हानं भाजलं,
तरी उगवलं बिचारं.
कडू नाई होईल तं काय?

झिबल बोलला नाही.
सकाळी मोरीचं लोढणं
धुऱ्यावर ठेवून आला,
फुटव्यांच्या अंगाला.